माल्याची कौसा सांगती

एप्रिल लागला की माझा घसा खवखवायला लागतो. सून म्हणते, "आई, ही बांधकामांची धूळ." भूगावात आम्ही राहतो त्या इमारतीच्या तिन्ही बाजूंना नव्या इमारती उठतायत, तेव्हा धूळ आहेच, नाही कोण म्हणतं? पण हा खवखवाट धुळीचा नाही. कोपऱ्यावर निळ्या पताका लागतात, मंडपाचे बांबू येऊन पडतात, कुठून तरी माईकवर "हॅलो, चेक, हॅलो" सुरू होतं आणि माझा गळा आपोआप सूर शोधायला लागतो. इतकी वर्षं झाली, तरी त्याची खोड गेली नाही. हल्ली त्याला कुणी बोलवत नाही, एवढाच काय तो फरक.

आमच्याकडे जयंती चौदा एप्रिलला सुरू व्हायची आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत संपायची नाही. दरेक गावाला आपली वेगळी जयंती हवी, आणि गाणाऱ्या पार्ट्या मोजक्या. मग आज पौड, उद्या खालचं कुठलं गाव, परवा पार चांदे-नांद्याकडे, असं वाटून घ्यावं लागायचं. ज्या वर्षीची गोष्ट डोक्यात घोळतेय त्या वर्षी आमच्या भागात टेपरेकॉर्डर नवा नवा आला होता. ज्याच्याकडे तो असेल त्याचा ओटा कधी रिकामा नसायचा.

त्या दिवसांचा वास सांगायचा तर धुराचा. आमच्या गावाच्या, माल्याच्या, आजूबाजूला शेतकरी राब भाजत असायचे. भाताचं रोप जिथं टाकायचं त्या तुकड्यावर पालापाचोळा, शेणी, गवत अंथरायचं आणि पेटवून द्यायचं. दुपारभर निळसर धूर डोंगराच्या कडेकडेनं रेंगाळायचा. आम्ही बाया दिवसा दुसऱ्यांच्या रानात पाला ओढायला जायचो आणि दिवेलागणीला त्याच धुरकटलेल्या गळ्यानं गायला बसायचो. करवंदं खाऊन जीभ चिकट, धुरानं घसा कोरडा आणि वर माईकवाल्याचा दम, "ताई, लांबून बोला, भोंगा फाटंल." लोक म्हणायचे, माल्याच्या पार्टीचा आवाज खरबरीत आहे. होताच. आम्ही तो गुळगुळीत करायच्या भानगडीत कधी पडलो नाही.

पार्टी म्हणजे काय, तर आमचे मामा, माझा नवरा, मी आणि मागं साथीला वस्तीतली तीन-चार माणसं. मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा, धोंडूमामा. दिवसभर खाणीत दगड फोडायचे. त्यांची गाण्याची तऱ्हा मी नंतर कुणात पाहिली नाही. ते एकदम गायला लागत नसत. आधी ढोलकी चालू करायला सांगायचे आणि तिच्यावर नुसतं बोलायचे. "काय पाव्हणं, ज्येवला का? न्हाई? मग ऐका, उपाशी मानसालाच गानं नीट कळतं." असं बोलता बोलता शब्द ठेक्यात पडायला लागायचे, मग ओळीची शेवटं जुळायला लागायची, आणि आपण गाण्यात कधी शिरलो ते समोरच्याला कळायचंही नाही. सूर लावायची त्यांना घाईच नसायची. मला वाटतं, त्यांना गाण्यापेक्षा ते शिरणंच जास्त आवडायचं.

नवरा ढोलकीवर. बबन त्याचं नाव. त्याचा हात भात झोडून तयार झालेला. पेंढी उचलायची, डोक्यावरून नेऊन फळीवर आपटायची, त्यात एक थांबणं असतं, तेच त्याच्या बोटांत होतं. थाप पडणार पडणार म्हणेपर्यंत तो अंमळ मागं राहायचा आणि मग टाकायचा. पेटीवाल्याचा जीव वर यायचा. एकदा त्यानं चिडून विचारलं, "आरं, तू मागं का ऱ्हातूस?" हा म्हणाला, "मानसं पुढं यावी म्हून." आणि खरंच, ऐकणारी माणसं त्या थापेसाठी पुढं झुकून बसायची.

शब्द माझे. सातवी झाले होते, वस्तीत तेवढी शिकलेली बाई मीच. पण मी गाणी वहीवर नाही बांधली. पाला ओढताना बांधायची, ओझं डोक्यावर असलं की ओळ सरळ चालते. चाली आम्ही बिनदिक्कत उचलायचो. सिनेमाच्या, भजनाच्या, लग्नात बँड वाजवतो त्या, कानावर पडेल ती. चाल उचलण्यात कुणाला काही वाटत नसे, सगळ्याच पार्ट्या उचलायच्या. बोट ठेवलं जायचं ते शब्दांवर. आणि शब्द कुणाचे हे कळावं म्हणून शेवटच्या कडव्यात छाप टाकायची रीत होती. छाप म्हणजे बांधणाऱ्याचं नाव आणि गाव, तिथंच, गाता गाता. त्या कडव्यापाशी आलं की ऐकणारेही सावरून बसायचे.

माझं पहिलं धडाचं गाणं धरणावरचं. मुळशीचं पाणी डोंगरातून बोगद्यानं खाली जातं, त्याची वीज होते, दिवे लांब शहरात लागतात. आमच्या वस्तीत तेव्हा खांबसुद्धा नव्हता. मी बांधलं:

पाणी आमच्या डोंगराचं, दिवं तुमच्या माडीला,
आमच्या वाट्याला काळोख, आन् चिमणी त्येच्या जोडीला.

आणि शेवटाला:

हात जोडून न्हाई मिळत उजेड कदी कुनाला,
माल्याची कौसा सांगती ठासून साऱ्या जनाला.

पहिल्यांदा गायलो तेव्हा वस्तीतलेच दोघे-तिघे जाणते मामांकडे आले. बाईमाणसाचं नाव भोंग्यावरून चार गावांत जातं हे बरं दिसत नाही, पार्टी तुमची आहे, छाप तुमची टाका. मामा दगड फोडून आले होते, हातपाय धूत होते. तांब्या खाली न ठेवता म्हणाले, "शब्द तिचं हायेत. मग नाव काय माझ्या बापाचं घालू?" विषय संपला. ह्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाला जन्मभर जयभीम घालीन.

माझी नात मित्रा कॉलेजात जाते आणि रॅप करते. सुरुवातीला मला वाटलं पोरगी कुणाशी तरी भांडतेय. नीट ऐकलं तेव्हा कळलं की ठेका आहे, यमकं आहेत, आणि शेवटाला ती स्वतःचं नाव घेते, भूगावचंही घेते. मी म्हटलं, अगं, ही तर छाप! मग ती मला मोबाइलवर कुणाकुणाचं ऐकवत बसली. तिकडे न्यूयॉर्कला म्हणे ह्याच आमच्या वर्षांत काळी पोरं रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून वायर ओढून स्पीकर लावायची, दुसऱ्यांच्या तबकड्यांवरचा ठेका उचलायची आणि त्याच्यावर आपलं बोलणं जुळवायची. समोरासमोर उभं राहून एकमेकांची उतरवायची. त्यातल्या दोन-चारांची नावं जगभर झाली. मित्राला त्यांच्यात रस नाही. ती बाकीच्यांना शोधते. कुणी एकच तबकडी काढली आणि पुढं ट्रक चालवला, कुणी ठेके बनवले आणि नाव दुसऱ्याचं लागलं. "आजी, खरी मजा ह्यांच्यात आहे," ती म्हणते. मी तिला म्हटलं, ह्या तुझ्या यादीत एक आमचा धोंडूमामा घाल. तिनं हसून विचारलं, "त्यांचं रेकॉर्डिंग कुठे मिळेल?" मिळणार कुठं? मामांचा आवाज कुठल्याच फितीवर नाही. खाणीच्या धुळीनं छाती धरली आणि ते गेले, तेव्हा आमच्याकडे टेप घ्यायची ऐपत आली नव्हती.

त्या हंगामात एका आठवडी बाजाराला मी पौडला गेले होते. स्टँडपाशी एक हॉटेल होतं, भजी आणि चहाचं. मालकानं नवा टेप आणून काउंटरवर ठेवला होता, वर प्लास्टिकचं फूल. मी मिरच्या निवडत होते आणि कानावर आलं, "पाणी आमच्या डोंगराचं." मी आधी खूश झाले. खोटं कशाला सांगू, हातातल्या मिरच्या टाकून धावले. गाणारा पुण्याचा नावाजलेला गायक होता, रसराज म्हणायचे त्याला. मोठी पार्टी, चमकीचे कोट, कॅसेट निघालेली. काय गळा होता! माझ्या ओळी एवढ्या गोड होऊ शकतात हे मला ठाऊकच नव्हतं. मग आलं, "आन् चिमणी त्येच्या जोडीला," आणि मागं बासरीवाल्यानं वाजवलं, चिवचिव, चिवचिव.

मला आधी कळेचना. मग कळलं. ज्यानं कुणी ते बसवलं त्याला चिमणी म्हणजे पाखरू वाटलं होतं. रॉकेलची चिमणी, काचेच्या बाटलीला पत्र्याचं टोपण आणि चिंधीची वात, जिच्या काजळीनं आमच्या पोरांची नाकं काळी व्हायची, तिला त्यांनी पंख लावले होते. हॉटेलातली माणसं मजेत ऐकत होती. एक जण म्हणालाही, "काय पाखरू बोलतंय!" मी शेवटच्या कडव्यासाठी उभी राहिले. ते आलं. "पुण्याचा रसराज सांगतो ठासून साऱ्या जनाला."

मात्रांनाही धक्का लागला नव्हता. माल्याची काढून पुण्याचा, कौसा काढून रसराज, एवढंच. घर तेच, पाटी बदललेली. मी हॉटेलवाल्याला म्हटलं, हे माझं गाणं आहे. तो भला माणूस होता, हसून म्हणाला, "आवडलं व्हय? परत लावतो की." आणि त्यानं परत लावलं.

कसं गेलं ते उघड होतं. मागच्या हंगामात पुण्याजवळच्या एका कार्यक्रमात आम्ही गायलो होतो, तेव्हा पुढं बसलेल्या एकाच्या मांडीवर टेप होता. मी घरी येऊन रडले नाही. भांडी आपटली. मामा म्हणाले, "गानं लोकांचं असतं, कौसे. तू पेरलंस, ते उगवलं. त्येच्या गळ्यानं लांब गेलं, चळवळीच्या कामाला लागलं. झालं की."

"लोकांचं हाय तर त्येनं सवताचं नाव का घातलं?" मी म्हटलं. "लोकांचं घालायचं की."

मामा म्हणाले, "तो आपलाच मानूस हाय. आपल्यातलं भांडान भोंग्यावर मांडायचं? गावातली बाकीची बघून हसत्याल." ह्याला मात्र माझ्याकडे आजही पूर्ण उत्तर आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या लोकांची एकी फार कष्टानं झालेली. जाणत्यांच्या तोंडाला लागून मामांनी माझं नाव राखलं होतं, पण आपल्याच बिरादरीतल्या माणसापुढं तेच मामा सोडून दे म्हणत होते. मी एवढंच म्हटलं, "मामा, घरातल्यानं घेतलं तर चोरी न्हाई का? मग बायांनी कुनाला काय म्हनायचं? आमचं तर समदं घरातलीच नेत्यात." नवरा ढोलकीची दोरी ताणत बसला होता. तो मान वर न करता बोलला, "चांद्याला त्येचा आन् आपला सामना हाय." बबन बोलायचा कमी, पण थाप बरोबर जागेवर टाकायचा.

सामना म्हणजे दोन पार्ट्या एकाच मांडवात, समोरासमोर. एकीनं गायचं, दुसरीनं त्याला गाण्यात उत्तर द्यायचं. सवाल टाकला की पुढच्या पार्टीला तो उलगडल्याशिवाय पुढं जाता येत नसे. निकाल कुणी जाहीर करत नाही, लोकांच्या माना सांगतात. चांदे तेव्हा ज्वारीच्या धाटांचं आणि बैलगाड्यांचं गाव होतं. आता तिथं काचेच्या कंपन्यांच्या गाड्या फिरतात, ते सोडा. आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं आणि रसराजची पार्टी आधीच कोट घालून तयार होती. तो मला पाहून उठला, नमस्कार केला. माणूस उद्धट नव्हता. उद्धट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

त्यानं सुरुवातच त्या गाण्यानं केली. लोकांनी टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला, कॅसेट तिथंही पोचली होती. चिमणीपाशी बासरी चिवचिवली. छाप आली तेव्हा मी सरळ त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्यानं नजर चुकवली नाही. त्याला आठवतच नसावं की ह्या ओळीत आधी कुणीतरी राहत होतं.

आमची पाळी. मामांनी ढोलकी चालू करायला सांगितली आणि माईक माझ्यापुढं सरकवला. मी त्यांच्याच तऱ्हेनं बोलायला लागले. "चांद्याच्या आयाबहिनींनो, तुमच्या घरात चिमणी हाय का?" बायांच्या बाजूनं हाय हाय आवाज आला. "ती दाना खाती का रॉकेल पिती?" हशा पिकला. "मंग शाहीर, तुमची चिमणी बोलती कशी?"

रसराज हुशार. क्षणभर त्याचा चेहरा उतरला, पण लगेच तो स्वतःच मोठ्यानं हसला आणि माईक ओढून म्हणाला, "बाई, आमची चूक कबूल. पण चाल तरी तुमची कुठे आहे? सिनेमाची उचलली. तुम्ही चाल उचलली, आम्ही शब्द. फिट्टंफाट." लोक त्याच्याही बाजूनं हसले. मांडव आता कुणाचाच नव्हता.

"चाल रस्त्यावर पडली व्हती," मी म्हटलं. "शब्द माझ्या घरात व्हतं." आणि बबननं थाप टाकली, त्याच्या त्या मागं राहण्यानं, आणि मी आठ दिवस पाला ओढताना घोळवलेलं सोडलं:

गानं न्हाई वाटंवरचा पडलेला पैसा,
उचलून खिशात घालशील तर फाटंल तुझा खिसा;
नाव माझं पुसशील तर शेवट जुळंल कसा?
वळीवळीत बसलीया माल्याची कौसा!

मी शिकले होते. आधीच्या गाण्यात नाव ओळीच्या मधे होतं, सुटं, कुणीही काढावं असं. ह्या वेळी मी ते यमकातच रोवलं. पाच कडवी, प्रत्येकाचा शेवट कौसावर. आरसा, वसा, ठसा, पिसा, जे जे मिळालं ते जुंपलं. आता हे नाव काढायचं तर सगळं गाणं उसवावं लागलं असतं. तिसऱ्या कडव्यापासून चांद्याच्या बायाच शेवटचा शब्द म्हणायला लागल्या. मी ओळ सोडायची, त्या नाव घालायच्या. माझं नाव शंभर अनोळखी गळ्यांतून माझ्याकडे येत होतं. मामांच्या डोळ्यांत पाणी होतं, धुराचं म्हणाले. राब तर तिकडं भाजतच नाहीत.

रसराजनं शेवटी मला स्वतःच्या गळ्यातला हार घातला. तो मी घेतला. पण कॅसेटवरची ओळ तो बदलेल का, हे विचारलं तेव्हा तो हसून कोटाची बटणं काढायला लागला. कॅसेटी निघून गेल्या होत्या, त्या काय परत येणार?

पुढं झालं ते असं की मधे नाव असलेलं ते गाणं, चोरीचं, ते मराठवाड्यात गेलं, विदर्भात गेलं. खानदेशातून सून करून आणली, तर ते तिलाही पाठ. आणि नाव रोवलेलं, कुणाला नेता न येणारं, ते कुणी नेलंच नाही. ते माल्यातच राहिलं. शहाणे लोक ह्यावर म्हणतील, बघ, नाव सोडलं असतंस तर गाणं लांब जातं. असेल. पण मला दोन्ही पाहिजे. गाणं लांब गेलं पाहिजे आणि नावानिशी गेलं पाहिजे. ह्यात जास्त काय मागितलं? मोठ्यांना दोन्ही मिळतं, तेव्हा कुणी त्यांना हावरट म्हणत नाही. मामा गेले, बबन गेला, त्यांना न मागता गप्प राहण्याचं काय बक्षीस मिळालं ते मी पाहिलंय. रसराजही गेला म्हणतात, शेवटी शेवटी त्यालाही कुणी बोलवत नव्हतं.

ह्या वर्षी भूगावच्या जयंतीला सून मला घेऊन गेली. मंडप मोठा, खुर्च्यांना पांढरी कापडं. स्टेजवर तरुण पोरं, नवी वाद्यं, आवाज छातीत घुसणारा. निवेदक जाकीट घातलेला, गोड बोलणारा. तो म्हणाला, "आता सादर होत आहे एक पारंपरिक गीत. कवी अज्ञात." आणि सुरू झालं, पाणी आमच्या डोंगराचं.

छान गायली पोरं. खोट काढणार नाही. फक्त शेवटचं कडवं गायलंच नाही. वेळ नसेल, किंवा त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नसेल. पुण्याचा रसराजही नाही आणि माल्याची कौसाही नाही. टाळ्या वाजल्या. सून माझ्या कानाशी म्हणाली, "आई, जाऊ द्या." मी ते आयुष्यभर ऐकत आलेय, सगळे प्रेमानंच म्हणतात.

मी उठले. गुडघे कुरकुरले, त्यांना म्हटलं, घरी जाऊन कुरकुरा. स्टेजच्या पायऱ्या चढले. निवेदकानं धावत येऊन माझा हात धरला. म्हाताऱ्या बायका कार्यक्रमात कशासाठी वर येतात हे त्याला ठाऊक होतं. त्यानं माईक तोंडावरून बाजूला केला आणि मायेनं विचारलं,

"आजी, कोणी हरवलंय का? नाव सांगा, आपण पुकारू."

मी माईक त्याच्या हातातून घेतला.

"कुनी न्हाई हरवलं, बाळा. मी हितंच हाय."